पानाचे नाव कोणी बदलायचे?



स्मृतिव्याख्यानासाठी विषय भारदस्त असावा, असा रिवाज आहे. लोकशाहीचे भवितव्य, मराठीचा उद्या, विज्ञान आणि समाज. आजचा विषय मात्र एका बटणाएवढा आहे. विकीवरच्या पानाचे नाव बदलण्याचे बटण. इतकी वर्षे ते माणसाच्या बोटाखाली होते; आता ते एआय एजंटच्या हाती सोपवले जात आहे. एवढ्याशा गोष्टीवर तासभर काय बोलायचे, अशी शंका मागच्या रांगांमध्ये असेल, तर त्यांनी दोन तारखा आठवाव्यात. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळाने केला 27 जुलै 1978 रोजी. नामविस्तार झाला 14 जानेवारी 1994 रोजी. मधली साडेपंधरा वर्षे मोर्चे, जाळपोळ, तुरुंग आणि बळी यांनी भरलेली होती. नाव ही किरकोळ बाब आहे, असे निदान महाराष्ट्राला तरी कोणी सांगू नये.

आधी पार्श्वभूमी, थोडक्यात. कोणीही उघडावे आणि कोणीही दुरुस्त करावे असे संकेतस्थळ म्हणजे विकी. पहिला विकी अमेरिकेतील वॉर्ड कनिंगहॅम यांनी 25 मार्च 1995 रोजी सुरू केला. विकिपीडिया आला 15 जानेवारी 2001 रोजी, मराठी विकिपीडिया 1 मे 2003 रोजी. पण विकी म्हणजे केवळ विकिपीडिया नव्हे. असंख्य कंपन्या, विद्यापीठे आणि प्रयोगशाळा आपापली कार्यपद्धती अशाच पानांवर लिहून ठेवतात. कोणी विकिपीडियाचेच मीडियाविकी हे सॉफ्टवेअर वापरते, कोणी कॉन्फ्लुअन्स, कोणी डोकुविकी.

आणि एजंट म्हणजे काय? चॅटबॉट उत्तर देतो; एजंट काम उरकतो. त्यासाठी त्याला हत्यारे लागतात. नोव्हेंबर 2024 मध्ये अँथ्रॉपिक या कंपनीने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल जाहीर केला. कोणत्याही संगणकप्रणालीने आपली कामे कोणत्याही मॉडेलपुढे एकाच ठरीव पद्धतीने कशी मांडावीत, याचा तो मसुदा. विकीपुरते बोलायचे तर पान वाच, पान शोध, पान लिही, ही त्यातली साधी हत्यारे. त्यांच्याच रांगेत आता ‘पानाचे नाव बदल’ हे हत्यार येऊन बसते. त्याला तीन गोष्टी पुरतात: जुने नाव, नवे नाव, कारण. पुढचे काम सेकंदाभरात होते.

पहिला प्रश्न असा, की त्या सेकंदाभरात नेमके घडते काय?

मराठी विकिपीडियावर या क्रियेला स्थानांतरण म्हणतात. मीडियाविकीत स्थानांतरण झाले की मजकूर नव्या शीर्षकाखाली जातो आणि त्याच्याबरोबर पानाचा सगळा इतिहास जातो: कोणी कधी काय लिहिले, कोणी काय खोडले. पानाचा अंतर्गत क्रमांकही तोच राहतो. जुन्या जागी एक पाटी उरते, तिला पुनर्निर्देशन म्हणतात. जुन्या नावाने कोणी आला तर ती त्याला नव्या पत्त्यावर पाठवते. इथवर सगळे सुरळीत.

अडचणी पुढे आहेत. चर्चा पान आपोआप बरोबर जात नाही. एजंटला तसे वेगळे सांगावे लागते. उपपानांचेही तसेच. एखाद्या वर्गाचे पान हलवले तरी त्या वर्गातली पाने जुन्याच वर्गात राहतात, कारण वर्गाचे नाव प्रत्येक पानाच्या मजकुरात लिहिलेले असते. आणि समजा एका नावावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर असे दोनदा स्थानांतरण झाले, तर पहिली पाटी दुसऱ्या पाटीकडे बोट दाखवते आणि मीडियाविकी एका उडीपलीकडे जात नाही. वाचक मध्येच अडकतो. याला दुहेरी पुनर्निर्देशन म्हणतात.

हे सगळे मीडियाविकीचे झाले. कॉन्फ्लुअन्समध्ये पानाची ओळख क्रमांकावर असते, त्यामुळे शीर्षक बदलले तरी आतले दुवे तुटत नाहीत. डोकुविकीत पानाचे नाव म्हणजे फाइलचे नाव. तिथे नामांतराची सोय मूळ सॉफ्टवेअरमध्ये नाहीच, वेगळे प्लगिन बसवावे लागते. म्हणजे ‘नाव बदल’ हे एकच वाक्य तीन ठिकाणी तीन वेगळी कामे करते. एजंटला हत्यार देणाऱ्याने त्याच्या वर्णनात हा फरक लिहिला नाही, तर एजंटला तो कळणार कुठून?

दुसरा प्रश्न. इतके धोके आहेत, तर हे हत्यार द्यावेच कशाला?

उत्तर थोडे अनपेक्षित आहे. न दिल्याने जास्त नुकसान होते. एजंटला नाव बदलायला सांगितले आणि त्याच्याजवळ वाचणे, लिहिणे व पुसणे एवढीच हत्यारे असली, तर तो हात जोडून परत येईलच असे नाही. तो जुने पान वाचेल, नव्या नावाने तोच मजकूर लिहील आणि जुने पान रिकामे करील. वाचकाला फरक दिसणार नाही. पण इतिहास मागे राहिला. वीस जणांनी वर्षानुवर्षे लिहिलेले पान आता एका खात्याने एका मिनिटात लिहिल्यासारखे दिसते. विकिपीडियात हा निव्वळ शिष्टाचाराचा प्रश्न नाही. तिथला मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली आहे आणि लेखकांना श्रेय देणे ही त्या परवान्याची अट आहे. ते श्रेय इतिहासाच्या पानावर नोंदलेले असते. माणसांनीही अशी कापाकापी पुष्कळ केली, आणि तिच्यामुळे तुटलेले इतिहास जोडत बसण्याचे काम प्रचालकांच्या, म्हणजे जादा अधिकार असलेल्या सदस्यांच्या, नशिबी आले. तेव्हा योग्य हत्यार देणे हाच इथे सावधपणा ठरतो.

दुसरे कारण साफसफाईचे. विकीवर सांगकामे, म्हणजे बॉट, पहिल्यापासून आहेत. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी 2017 साली एक निबंध प्रसिद्ध केला आणि जगभर मथळे झळकले, की विकिपीडियावर बॉट एकमेकांशी वर्षानुवर्षे भांडत आहेत. आकडाही चटपटीत होता: इंग्रजी विकिपीडियावर दहा वर्षांत एका बॉटने दुसऱ्या बॉटचे काम सरासरी 105 वेळा उलटवले होते, माणसांमध्ये ही सरासरी होती 3. यंत्रांचे महाभारत! वर्तमानपत्रांना आणखी काय हवे?

मग त्याच वर्षी स्टुअर्ट गायगर आणि ॲरन हाफेकर या दोघांनी त्या उलटापालटी उघडून पाहिल्या. बहुतेक ठिकाणी भांडण नव्हतेच. माणसांनी एखाद्या पानाचे नाव बदलले की बॉट येऊन दुहेरी पुनर्निर्देशने सरळ करत होते. माणसांनी पुन्हा नाव बदलले की बॉट पुन्हा येत होते. आकड्यांत ते एकमेकांचे काम खोडताना दिसले. प्रत्यक्षात ते माणसांच्या नामांतरामागे केरसुणी घेऊन फिरत होते. भांडत होती माणसे.

इथे आपण तिसऱ्या प्रश्नावर येतो, आणि तोच आजचा मुख्य प्रश्न आहे. नाव काय असावे, हे ठरवायचे कोणी?

विकिपीडियावर माणसे नावांसाठी किती भांडतात, याची कल्पना बाहेरच्याला येत नाही. दह्यावरच्या इंग्रजी लेखाच्या स्पेलिंगमध्ये एच हे अक्षर असावे की नसावे, हा वाद आठ-नऊ वर्षे चालला आणि डिसेंबर 2011 मध्ये मिटला. ‘स्टार ट्रेक’ मालिकेतल्या एका चित्रपटाच्या नावातला आय मोठ्या लिपीत की छोट्या, यावर 2012-13 च्या हिवाळ्यात 40,000 हून अधिक शब्द खर्ची पडले. हसू येते ना? पण पोलंडमधल्या ग्दान्स्क शहराच्या बाबतीत कोणी हसले नाही. त्याचे जर्मन नाव डान्झिग. 2005 साली संपादकांनी मतदान घेतले आणि तोडगा निघाला तो काळानुसार: 1308 ते 1945 या काळाबद्दल लिहिताना डान्झिग, त्याआधी आणि त्यानंतर ग्दान्स्क. एका शहराला दोन नावे, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर.

युक्रेनच्या राजधानीचे घ्या. रशियन वळणाचे ‘किएव’ सोडून ‘कीव’ लिहावे, असे युक्रेनने इंग्रजीपुरते 1995 मध्येच ठरवले. इंग्रजी विकिपीडियावर मात्र पान हलले सप्टेंबर 2020 मध्ये, म्हणजे पंचवीस वर्षांनी. का? कारण तिथला नियम सरकारी राजपत्राकडे पाहत नाही. विश्वासार्ह इंग्रजी लेखनात कोणते नाव रुळले आहे, ते पाहतो. वृत्तसंस्थांनी आणि वर्तमानपत्रांनी आधी बदल केला, मग विकिपीडियाने. तुर्कस्तानाची इंग्रजीतली नवी वर्तनी संयुक्त राष्ट्रांनी जून 2022 मध्ये स्वीकारली. इंग्रजी विकिपीडिया त्यानंतरही जुन्याच नावावर थांबला. पटो वा न पटो, हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय आहे आणि अशा प्रस्तावावर तिथे साधारणपणे सात दिवस चर्चा चालते.

आता एजंटला सांगा, ‘नावे अद्ययावत कर.’ तीन शब्दांची आज्ञा. तो काय करील?

आपल्या घरचे उदाहरण घेऊ. औरंगाबाद शहराच्या छत्रपती संभाजीनगर या नावाला केंद्राने 24 फेब्रुवारी 2023 रोजी मान्यता दिली. एजंटने ही बातमी वाचली आणि शीर्षकात औरंगाबाद असलेली सगळी पाने हलवायला घेतली, अशी कल्पना करा. पण 2024 च्या लोकसभा निवडणुकीत मतदारसंघाचे नाव औरंगाबादच होते, कारण मतदारसंघांची नावे परिसीमनाच्या आदेशाने ठरतात, शहराच्या नामांतराने ती आपोआप बदलत नाहीत. बरे, औरंगाबाद नावाचा आणखी एक लोकसभा मतदारसंघ आहे. बिहारमध्ये. तिथे त्याच नावाचा जिल्हाही आहे. उत्साही एजंटच्या तडाख्यात बिहारच्या मतदारांना आपले गाव मराठवाड्यात गेल्याचे कळायचे!

इंग्रजी लेखनात मुंबईचीही तीच कथा. 1995 साली शहराचे इंग्रजीतले नाव बदलले, पुढच्या वर्षी विद्यापीठानेही नवे नाव घेतले. उच्च न्यायालय मात्र इंग्रजीत अजून बॉम्बे हायकोर्ट आहे, पवईची आयआयटी अजून आयआयटी बॉम्बे आहे. एकाच शहरातल्या तीन संस्था, तीन वेगळे कायदे, तीन वेगळे निर्णय. सरसकट बदल करणारा इथे हमखास चुकतो, मग तो माणूस असो की यंत्र.

काहीजण म्हणतील, नावाला क्रमांक देऊन टाका, वाद संपला. ही कल्पना अमलात आलेलीही आहे. ऑक्टोबर 2012 मध्ये विकिडेटा हा प्रकल्प सुरू झाला. त्याआधी प्रत्येक भाषेतल्या लेखात इतर सर्व भाषांचे दुवे नावानिशी लिहिलेले असत. एका भाषेत शीर्षक बदलले की बाकीच्या सगळ्या भाषांत बॉटला जाऊन दुरुस्ती करावी लागे. विकिडेटाने प्रत्येक गोष्टीला क्रमांक दिला. मुंबईचा क्रमांक क्यू1156. आता मराठीत शीर्षक काहीही ठेवा, तमिळमध्ये काहीही ठेवा, दुवा टिकतो. यंत्रांचा प्रश्न यामुळे खरोखर सुटला. माणसांचा सुटला नाही, कारण पान उघडल्यावर वर ठळक अक्षरांत क्रमांक दिसत नाही. नाव दिसते.

चौथा मुद्दा वेगाचा आणि देखरेखीचा.

नामांतर उलटवता येते, मग भीती कसली, असा युक्तिवाद नेहमी होतो. तांत्रिकदृष्ट्या तो अर्धाच खरा आहे. जुन्या नावाच्या पाटीवर दुसरे कोणतेही संपादन झालेले नसेल, तर साधा सदस्यही पान परत आणू शकतो. पण मध्ये एखादा साफसफाईचा बॉट आला आणि त्याने त्या पाटीत दुरुस्ती केली, की वाट बंद झाली. प्रचालकाला बोलवावे लागते. मदतीला आलेलाच आडवा येतो. आणि उलटवण्यासाठी आधी कोणाच्या तरी लक्षात यायला हवे. पुनर्निर्देशन चूक झाकते, ही त्याची खोड आहे. दुवा चालतो, पान उघडते, तक्रार कोणी करत नाही.

इंग्रजी विकिपीडियाने हे दुखणे फार पूर्वी सोसले आहे. 2004-05 च्या सुमारास ‘विली ऑन व्हील्स’ नावाने ओळखला जाणारा एक उपद्रवी पानांच्या नावांपुढे ‘ऑन व्हील्स’ जोडत सुटला होता. आज तिथे नव्या खात्याला चार दिवस आणि दहा संपादने होईपर्यंत पानाचे नाव बदलता येत नाही. मीडियाविकीच्या मूळ मांडणीत साध्या सदस्याला मिनिटाला आठ स्थानांतरणांची मर्यादा असते. माणसासाठी ही मर्यादा उदार आहे. न दमणाऱ्या एजंटसाठी तिचा अर्थ होतो तासाला 480 पाने. ‘अलीकडील बदल’ची यादी डोळ्यांनी चाळणारे स्वयंसेवक तेवढ्यात किती पाने तपासणार?

परवानग्यांची रचनाही जुन्या काळातली आहे. मीडियाविकीत एखाद्या प्रोग्रॅमसाठी वेगळा पासवर्ड काढताना अधिकारांची यादी पुढे येते. तिच्यात पान तयार करणे, संपादणे आणि हलवणे हे तिन्ही एकाच गठ्ठ्यात बांधलेले आहेत. म्हणजे एजंटला नवे पान लिहू द्यायचे, तर स्थानांतराचीही किल्ली त्याच जुडग्यात जाते. प्रोटोकॉलमध्ये हत्याराला खुणा करता येतात: हे केवळ वाचते, हे नासधूस करू शकते, हे पुन्हा चालवले तरी फरक पडत नाही. परंतु त्या खुणा म्हणजे सूचना. त्यांनी कुलूप लागत नाही.

आणखी एक बारकावा. नाव बदलण्याचा हुकूम गेला, काम झाले, पण उत्तर परत येताना जोडणी तुटली. एजंट पुन्हा हुकूम सोडतो. आता त्या नावाचे पान आधीच आहे, म्हणून विकी नकार देतो. माणूस इथे थांबून पाहील. एजंट मात्र काम तडीस नेण्यासाठीच बसवलेला असतो. तो नावापुढे कंसात काहीतरी जोडून तिसरे नाव तयार करू शकतो. त्याहून मोठा धोका पानाच्या मजकुरातच आहे. विकी कोणालाही लिहिता येतो. त्यात कोणी गुपचूप एक ओळ टाकली, की हे पान वाचणाऱ्या यंत्राने अमुक पाने तमुक नावावर हलवावीत, तर मॉडेल त्या ओळीला मजकूर समजेल की आज्ञा? खात्रीने सांगता येईल असा बंदोबस्त अजून कोणाकडे नाही.

मग व्यवस्था कशी असावी? त्यासाठी परदेशी जायला नको. आपल्या गावच्या दफ्तरात नमुना आहे. जमिनीच्या सातबाऱ्यावर नाव लागायचे असेल तर तलाठी फेरफार नोंद धरतो. (या पदाचे नाव अलीकडे ग्राम महसूल अधिकारी झाले; गाव अजून तलाठीच म्हणते.) तो हितसंबंधितांना नोटीस काढतो, हरकतीसाठी 15 दिवस ठेवतो, तंट्याचे प्रकरण असेल तर वेगळ्या नोंदवहीत घालतो. आणि नोंद प्रमाणित कोण करतो? मंडळ अधिकारी. नोंद धरणारा आणि मंजूर करणारा, दोन वेगळी माणसे. या व्यवस्थेत काय काय चालते ते सभागृहाला सांगायला नको, पण तिची मांडणी शहाणपणाची आहे.

तीच विकीवर आणता येते. एजंटने प्रत्यक्ष बदल करण्याआधी यादी द्यावी: कोणते पान, कोणते नवे नाव, किती दुवे तिथे येतात, कोणती उपपाने, कोणते वर्ग, त्या नावाचे दुसरे काही अस्तित्वात आहे का. यादीवर माणसाने सही करावी. वादाची नावे, म्हणजे शहरे, व्यक्ती, जाती-जमाती, सीमाभाग, चर्चा पानावर जावीत आणि एजंटने तिथून हात काढून घ्यावा. त्याचे खाते वेगळे असावे, म्हणजे नोंदीत माणसाचे काम आणि यंत्राचे काम वेगळे दिसेल. वेग माणसाच्या तपासणीला झेपेल इतकाच असावा. आणि ‘कारण’ या रकान्यात ‘नाव सुधारले’ एवढेच नको. मंजुरीची चर्चा कुठे झाली, त्याचा दुवा हवा.

मराठी विकिपीडियावर या व्यवस्थेची गरज अधिक आहे, कारण राखणदार थोडे आहेत. आणि मराठीत यंत्राने करण्याजोगे कामही भरपूर आहे. कऱ्हाड हा शब्द घ्या. त्यातला अर्धा र युनिकोडमध्ये दोन पद्धतींनी टंकता येतो. पडद्यावर अक्षर सारखेच उमटते, संगणकाच्या लेखी मात्र ती दोन वेगळी शीर्षके ठरतात. वऱ्हाड, गोऱ्हे, ऱ्हस्व, सगळ्यांची हीच गत. ॲ या अक्षराचेही तसेच: एकदा स्वतंत्र अक्षर म्हणून, एकदा अ वर चंद्र देऊन. माणसाच्या डोळ्याला न दिसणारी ही जोडपी हुडकणे, दोन्हींपैकी कुठे मजकूर आहे आणि कुठे नुसती पाटी, याची यादी करणे, मंजुरी मिळाल्यावर सगळे दुवे सरळ करणे, हे काम एजंटला द्यावे. तो ते आपल्यापेक्षा चांगले करील.

त्याच यादीत खाली एक ओळ येईल: कऱ्हाड की कराड? रेल्वे स्थानकाच्या पाटीवर एक, जुन्या कागदांत दुसरे. ती ओळ एजंटने मोकळी सोडावी आणि चर्चा पानावर टाकावी. तिथे उत्तर द्यायला कराडची माणसे आली पाहिजेत; त्यांतली काही आज या सभागृहात असतील, तर त्यांनी खाते उघडायला हरकत नाही.

अध्यक्षांच्या परवानगीने आता प्रश्न घेऊ.